शंका-समाधान : गुहेतली हाडे, कोणाची शिदोरी?

गुहांमधील उत्खननाबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे हाडांविषयीचे आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : एकाच थरात दगडी हत्यारे आणि हरणांची हाडे सापडली, तर ती हरणे त्या माणसांनीच खाल्ली असे मानायला काय हरकत आहे?

हरकत काळाची आहे. उत्खननात आपण ज्याला ‘एक थर’ म्हणतो तो साचायला शेकडो, कित्येकदा हजारो वर्षे लागलेली असतात. तेवढ्या अवधीत माणसे महिनाभर राहून गेली, मग तरसाच्या मादीने तिथे पिल्ले वाढवली, ती गेल्यावर साळिंदर शिरले. कपारीतले घुबड तर या सगळ्यांच्या आधीपासूनच मुक्कामाला होते. थर एक, बिऱ्हाडे चार. सगळ्यांचे खरकटे एकाच मातीत मुरते, आणि दगडी हत्यारे मात्र त्यांतल्या एकाच बिऱ्हाडाची असतात.

म्हणून ‘कोणी खाल्ले’ हा प्रश्न शेवटचा. त्याआधी तीन प्रश्न सोडवावे लागतात : हाड आत आले कसे, आत आल्यावर त्याचे काय झाले, आणि खोदणाऱ्याने जे उरले होते त्यातले किती उचलले. या अभ्यासाला टॅफोनॉमी म्हणतात. सोव्हिएत जीवाश्मतज्ज्ञ इव्हान येफ्रेमोव यांनी १९४० मध्ये हा शब्द रूढ केला, पण पद्धत त्याहून शंभरावर वर्षांनी जुनी आहे. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधील कर्कडेल इथे १८२१ मध्ये एका गुहेत हत्ती, गेंडा, पाणघोडा आणि तरस यांची हाडे निघाली. जलप्रलयात ती वाहून आली असणार, अशी तेव्हाची समजूत. विल्यम बकलंड यांनी पाहिले की हत्ती शिरेल एवढे गुहेचे तोंडच नाही आणि हाडांवर तर चावल्याच्या खुणा आहेत. त्यांनी फिरत्या प्राणिसंग्रहातल्या जिवंत तरसाला बैलाचे हाड खायला दिले आणि उरलेले तुकडे गुहेतल्या तुकड्यांशी ताडून पाहिले. दोन्ही जुळले. गुहेत सापडलेले पांढरे गोळेही तरसाच्या विष्ठेशी जुळले. ‘आजच्या प्राण्याला खाऊ घाला आणि उरलेले बघा’ ही युक्ती अजूनही या शास्त्राचा कणा आहे.

उलट दिशेचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतले. माकापान्सगाट गुहेतल्या ७,००० हून अधिक तुकड्यांवरून रेमंड डार्ट यांनी १९५७ मध्ये मांडले की तिथले आदिमानव हाडे, दात आणि शिंगे हत्यारे म्हणून वापरत. त्यांचा मुख्य आधार हा, की काही हाडांचे एकच टोक सारखे सापडते, दुसरे नाही. म्हणजे कोणीतरी निवडून आणले. सी. के. ब्रेन यांनी हा आधारच काढून घेतला. नामिबियातील कुइसेब नदीकाठच्या वस्त्यांत त्यांनी खाऊन टाकलेल्या शेळ्यांची हाडे गोळा केली. तिथे कोणीच काही निवडले नव्हते. माणसांनी मांस खाल्ले, कुत्र्यांनी हाडे चघळली, उरलेली उन्हात पडली, इतकेच. तरीही दंडाच्या हाडाची कोपराकडची टोके डझनांनी मिळाली आणि खांद्याकडचे एकही मिळाले नाही. कोपराकडचे टोक घट्ट असते आणि लवकर पक्के होते, खांद्याकडचे स्पंजासारखे सच्छिद्र आणि स्निग्ध. कुत्रा ते सोडत नाही. पुढे स्वार्टक्रान्स गुहेतल्या एका लहान आदिमानवाच्या कवटीवरची दोन भोके तिथेच सापडलेल्या बिबट्याच्या खालच्या सुळ्यांमधल्या अंतराशी जुळली. ज्याला शिकारी ठरवले होते तो त्या जागी शिकार निघाला.

प्रश्न : कापल्याची खूण आणि दाताची खूण भिंगाखाली वेगळी ओळखायची कशी? मातीत पडलेल्या हाडावर ओरखडे तर असेही येतात.

आधी साधने. १० ते २० पट मोठे दाखवणारे हातातले भिंग आणि एक प्रखर दिवा. दिवा वरून नको, बाजूने, हाडाच्या पृष्ठभागाशी अगदी तिरका. त्याशिवाय उथळ खुणा सावलीच टाकत नाहीत आणि दिसत नाहीत. हाड एकाच जागी धरून बघू नका. प्रकाशाखाली सावकाश, पूर्ण फिरवा, मग उलटे करून पुन्हा. मध्यम आकाराच्या तुकड्याला दोन-तीन मिनिटे लागतात, आणि घाई केली की नेमक्या सांध्याजवळच्या खुणा निसटतात.

दगडी पात्याची खूण अरुंद आणि खोल असते, आडव्या छेदात ‘व्ही’ अक्षरासारखी. पात्याची धार सूक्ष्म दातेरी असल्यामुळे चरीच्या आत लांबीच्या दिशेने बारीक समांतर रेषा दिसतात, आणि कडेला कधी मुख्य चरीला बिलगून धावणारी एखादी फिकट रेघही. जागाही बोलते. सांधा सोडवताना सांध्याभोवती आडव्या, मांस काढताना स्नायूंच्या चिकटण्याच्या जागी तिरक्या, कातडे काढताना पायाच्या खालच्या हाडांवर गोलाकार. खूण अशी की कसायाला त्या जागी सुरी फिरवायचे कारणच नाही, तर आधी दुसरा संशयित शोधा.

दाताची खूण छेदात ‘यू’सारखी, तळ गुळगुळीत आणि चेपलेला. नुसता दाब पडला तर खळगा, दात ओढला गेला तर रुंद ओरखडा, पातळ जागी आरपार भोक. सच्छिद्र टोकांवर मोठ्या मांसाहारी प्राण्यांनी केलेले खोल, सलग खरवडणे दिसते. खळग्याचे माप घेऊन ‘हा सिंह, हा तरस’ असे सांगण्याचा मोह होतो. मापे एकमेकांत इतकी मिसळतात की लहान आणि मोठा यांपलीकडे सहसा जाता येत नाही.

तिसरी खूण नवशिक्यांच्या हातून सर्वांत जास्त सुटते. मज्जा काढण्यासाठी दगडाने हाड फोडले की आघाताच्या जागी खळगा पडतो, आणि दगड किंचित घसरल्यामुळे त्याच्या आत किंवा शेजारी बारीक रेषांचा झुबका उमटतो. दाताच्या खळग्यात हा झुबका नसतो. खळगा दिसला की दिव्याचा कोन बदलून झुबका शोधायचाच, ही सवय लावून घ्या.

साळिंदराचे काम वेगळेच. रुंद, सपाट तळाच्या, एकमेकींना खेटून जाणाऱ्या जोड चरी, बहुधा हाडाच्या कडेवर. साळिंदर मांसासाठी नव्हे तर सतत वाढणारे पटाशीचे दात झिजवण्यासाठी आणि खनिजांसाठी कुरतडते, म्हणून त्याला वाळलेली, चरबी उडालेली हाडे आवडतात. अशा हाडांचा ढीग दिसला तर प्राणी मेला कधी आणि हाड गुहेत आले कधी, यांत बरेच अंतर असू शकते.

आता ओरखड्यांकडे. पायांखाली तुडवले गेलेले हाड खरखरीत वाळूवर घासते आणि त्यावर पडणाऱ्या रेघा कापल्यासारख्याच दिसतात, आत सूक्ष्म रेषांसकट. फरक असा : त्या उथळ, रुंद, वाकड्या, सगळ्या दिशांना जाणाऱ्या आणि हाडाच्या उंचवट्यांवर जास्त असतात, सोबत सगळा पृष्ठभाग बारीक खरचटलेला असतो. इथिओपियातील डिकिका इथल्या दोन हाडांवरच्या खुणा २०१० मध्ये ३४ लाख वर्षांपूर्वीच्या कापखुणा म्हणून जाहीर झाल्या, तेव्हा याच मुद्द्यावर वाद पेटला. ते स्थळ गुहा नव्हे, पण धडा तोच : वाळू किती खरखरीत होती हे खुणेइतकेच महत्त्वाचे आहे. रेताड थरात एकट्यादुकट्या खुणेवर काही उभारू नये.

झाडांची मुळे हाडावर नागमोडी, फांद्या फुटलेली नक्षी कोरतात; ती एकदा पाहिली की विसरत नाही. आणि खोदणाऱ्याच्या थापीची खूण? तिचा तळ बाकीच्या हाडापेक्षा फिका, ताजा दिसतो. जुनी खूण हाडाच्याच रंगाची असते.

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अनुभवी निरीक्षकांनी साध्या भिंगाने ९५ टक्क्यांहून अधिक खुणा बरोबर ओळखल्या. पण ती हाडे प्रयोगातली, स्वच्छ आणि ताजी होती. हजारो वर्षे आम्लधर्मी मातीत राहिलेल्या हाडाकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका. टक्केवारी काढताना ज्यांचा पृष्ठभाग शाबूत आहे असेच तुकडे एकूण संख्येत धरा. सोललेले, मुळांनी खाल्लेले, चुनखडीचे कवच चढलेले तुकडे आणि सुटे दात वगळा. हे न केल्यास ‘फक्त २ टक्के हाडांवर कापखुणा’ असा आकडा निघतो, आणि खरे म्हणजे निम्म्या हाडांवर काही दिसण्याची सोयच नसते.

प्रश्न : तरसांची गुहा आणि माणसांची गुहा यांत फरक करणारा एखादा नेमका आकडा आहे का?

आकडा आहे, पण त्याच्या भरवशावर निकाल देता येत नाही. १९९१ मध्ये कॅथरिन क्रूझ-उरिबे यांनी तरसांच्या संचयांसाठी काही कसोट्या सुचवल्या. सर्वाधिक वापरली गेलेली अशी : एकूण प्राण्यांच्या किमान संख्येत मांसाहारी २० टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर तरसांचा संशय घ्या. माणसांच्या जागी हे प्रमाण सहसा बरेच कमी असते. तरसे आपसातही मारामाऱ्या करतात, दुसऱ्या मांसाहाऱ्यांनाही खातात, आणि त्यांची पिल्ले गुहेतच मरतात.

आकडा कुठे फसतो? किमान प्राणीसंख्या मोजताना एकच दात सापडला तरी एक प्राणी धरला जातो. एकूण १५ प्राण्यांच्या लहान नमुन्यात एक कोल्हा, एक रानमांजर आणि एक अस्वल आले की २० टक्के झालेच. माणसेही कातड्यासाठी कोल्हे, लांडगे मारत. आणि उभ्या खड्ड्यासारख्या गुहेत मेलेल्या जनावराच्या वासाने मांसाहारी आपणहून पडतात. अमेरिकेतील वायोमिंगमध्ये सुमारे २५ मीटर खोल नैसर्गिक विवर आहे, नावच ‘नॅचरल ट्रॅप केव्ह’. तिथे लांडग्यांसारख्या मांसाहाऱ्यांची हाडे भरपूर आहेत आणि तरस एकही नाही.

त्यामुळे आकड्याला साक्षीदार हवेत. तरसांचे साक्षीदार असे :

– नळकांडी. लांब हाडाची दोन्ही टोके खाऊन उरलेला मधला पोकळ दांडा. माणूस मज्जेसाठी दांडाच फोडतो, म्हणून त्याच्या मागे असे नळकांडे क्वचितच राहते.

– पोटातून गेलेले तुकडे. दोन-पाच सेंटिमीटरचे, कडा पातळ आणि चाकूसारख्या, पृष्ठभाग चकचकीत, नैसर्गिक छिद्रे रुंदावलेली. नवखा माणूस याला घासून केलेले अवजार समजतो.

– विष्ठा. हाडांच्या चुन्यामुळे पांढरट, गोलसर, एका बाजूला टोकदार आणि दुसऱ्या बाजूला खोलगट गोळे. दगड समजून फेकले गेले नाहीत तर ती सर्वांत भक्कम साक्ष.

– दुधाचे दात. इथे बारकाईने पाहा. मूळ विरघळलेला दात वाढत्या पिल्लाने पाडलेला असतो. मूळ शाबूत असेल तर पिल्लू तिथे मेले. दोन्ही मिळाले तर ती वीण वाढवण्याची जागा, नुसता खाण्याचा आडोसा नव्हे.

माणसाच्या बाजूने दगडाच्या घावाचे खळगे, फुटलेल्या दांड्यांच्या कडेवरच्या अर्धगोल खाचा, चुली, आणि योग्य जागी कापखुणा.

पट्टेरी तरस ठिपकेदार तरसापेक्षा हाडे साठवण्यात पुढे आहे. सौदी अरेबियातील उम्म जिरसान या लाव्हाच्या बोगद्यातल्या हाडांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १,९०० हाडे तपासली गेली, किमान १४ प्रकारचे प्राणी निघाले, आणि साठा गेल्या सुमारे ७,००० वर्षांतला. उंट, घोडे, शेळ्या-मेंढ्या, आणि माणसाच्या कवट्यांचे तुकडेसुद्धा. आजूबाजूला माणसे पशुपालन करत होती, पाळीव जनावरांची हाडे बोगद्यात आहेत, तरीही ती आणली तरसांनी. पाळीव प्राणी दिसला की माणूस, हे समीकरण तिथेच मोडते.

प्रश्न : माणूस आणि तरस दोघांच्याही खुणा एकाच हाडावर असतील तर कोण आधी?

खूण खुणेवर चढलेली असेल तर भिंगाखाली दिसते : दाताचा खळगा कापखुणेला तोडत असेल तर दात नंतरचा. अशी हाडे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मिळतात, म्हणून संचयाकडे एकत्र पाहावे लागते. लांब हाडांच्या मधल्या दांड्याच्या तुकड्यांवर दातखुणा किती? आफ्रिकेतल्या प्रयोगांत फक्त मांसाहाऱ्यांनी हाताळलेल्या हाडांत दांड्याच्या सुमारे ८० टक्के तुकड्यांवर दात उमटले. माणसाने आधी दगडाने फोडून मज्जा काढली आणि उरलेले तरसाला मिळाले, तर २० टक्क्यांच्या आत. मज्जा गेलेल्या दांड्यात तरसाला रस नसतो. तो चरबीची टोके खातो आणि दांडे तसेच टाकतो.

प्रश्न : आमच्या वाचनात आले की काही गुहांत फक्त डोकी आणि पायाची खालची हाडे सापडतात. म्हणजे त्या माणसांना चांगले मांस मिळतच नव्हते का?

असे निष्कर्ष छापले गेले आहेत. दक्षिण आफ्रिकेतील क्लासीस नदीच्या मुखाजवळच्या गुहांबद्दल लुईस बिनफर्ड यांनी १९८४ मध्ये जवळपास हेच म्हटले : मोठ्या जनावरांच्या बाबतीत माणसे इतरांचे उष्टे खात होती. पुढे लक्षात आले की १९६७-६८ च्या उत्खननात ओळख न पटणारे दांड्यांचे तुकडे मोठ्या प्रमाणावर टाकून दिले गेले होते. पुराव्याचा मांसल भाग मातीच्या ढिगाऱ्यात गेला आणि उरलेल्या पुराव्यावर सिद्धान्त उभा राहिला.

हे कसे घडते ते आकड्यांत पाहू. समजा, गुहेत १० नडग्या आल्या. नडगीचे गुडघ्याकडचे टोक मऊ, सगळी दहा टोके तरसांनी खाल्ली. घोट्याकडचे टोक घट्ट, त्यातली चार गेली. टोके मोजणाऱ्याला ६ नडग्या मिळतील. मांडीच्या हाडाची दोन्ही टोके मऊ, तिथे कदाचित १ मिळेल. जबडा मात्र दातांमुळे टिकतो, दहाच्या दहा. चित्र तयार : डोकी खूप, मांड्या नाहीत. आता तोच माणूस दांड्यांचे तुकडेही मोजू लागला आणि नडगीच्या मागच्या बाजूचे पोषक रक्तवाहिनीचे छिद्र खूण म्हणून धरले, तर त्याला दहाही नडग्या सापडतील. मांडीच्या दांड्यांचेही तसेच.

करायचे ते असे. दोन सेंटिमीटरहून मोठा प्रत्येक तुकडा ठेवा. त्याची लांबी, भिंतीची जाडी आणि मूळ परिघाचा किती भाग उरला आहे हे नोंदवा. छिद्रे, स्नायूंचे कणे, खोबणी यांवरून तुकडा हाडाच्या रेखाचित्रावर बसवा. दोन तुकडे एकाच जागेवर येत असतील तर ती दोन हाडे. काम कंटाळवाणे आहे आणि पुस्तकी चित्रांवरून जमत नाही. शेजारी आजच्या जनावरांचे फोडलेले सांगाडे लागतात, अखंड सांगाडे पुरत नाहीत. दांड्यावरून प्राण्याची जात बहुधा कळत नाही, आकारगटावर समाधान मानावे लागते. कोलॅजेन या प्रथिनाच्या चाचणीने आता बिनचेहऱ्याच्या तुकड्यांचीही जात किंवा गट कळू शकतो. सायबेरियातील डेनिसोवा गुहेच्या २,००० हून अधिक तुकड्यांतून याच चाचणीने एक मानवी तुकडा वेगळा काढला, तो २०१६ मध्ये जाहीर झाला. मात्र कोलॅजेन टिकलेले हवे. उष्ण प्रदेशांत ते लवकर नष्ट होते.

फुटलेल्या कडाही याच वेळी पाहा. ताजे हाड फुटले की भेग सर्पिल जाते, कड गुळगुळीत आणि पृष्ठभागाशी तिरक्या कोनात. वाळलेले हाड आडवे, काटकोनात आणि खडबडीत तुटते. एखाद्या थरात बहुतेक तुकडे काटकोनी असतील तर ते कोणी खाताना फोडलेले नाहीत. छताचे दगड पडून किंवा मातीच्या भाराने मोडले.

प्रश्न : उंदीर, चिचुंद्र्या यांची हजारो बारीक हाडे सापडली तर ती माणसांचे खाणे मानायची का?

पहिला संशय घुबडावर. घुबड भक्ष्य अख्खे गिळते आणि हाडे-केसांची गोळी ओकून टाकते; बसायची जागा ठरलेली, म्हणून खाली ढीग साचतो. गव्हाणी घुबडाच्या गोळीत हाडे जवळजवळ अखंड आणि दातांवर आम्लाचा परिणाम अगदी नगण्य. शृंगी घुबडाच्या गोळीत थोडा जास्त. दिवसा शिकार करणाऱ्या पक्ष्यांत दातांचे इनॅमल बरेच खाल्लेले, आणि लहान मांसाहारी सस्तन प्राण्यांच्या विष्ठेत हाडांचा चुरा, दात गोलसर झालेले. पीटर अँड्र्यूज यांनी १९९० मध्ये या पायऱ्यांची जी मांडणी केली तीच आजही वापरात आहे. पाहायच्या जागा दोन : पटाशीच्या दातांची टोके आणि दाढांच्या कडा.

चाळणी एक मिलिमीटरची घ्या, पाण्याखाली चाळा. दोन मिलिमीटरच्या जाळीतून उंदराच्या सुट्या दाढा निसटतात आणि मग फक्त मोठे उंदीर ‘होते’ असे वाटू लागते. एक फायदा ध्यानात ठेवा : घुबड मुक्कामाला होते म्हणजे त्या काळात गुहेत माणसांची रोजची वर्दळ नव्हती.

प्रश्न : काळी पडलेली हाडे म्हणजे भाजलेली हाडे ना?

नेहमी नाही. गुहेच्या ओल्या मातीतले मँगनीज हाडाला काळे करते. त्याचे डाग ठिपक्यांत किंवा झाडाच्या फांद्यांसारखे पसरतात आणि बहुधा वरवरच असतात. तुकड्याच्या ताज्या तुटीकडे पाहा, आत पिवळट दिसेल. जळलेले हाड आतपर्यंत काळे असते, आणखी तापले तर राखाडी, आणि सुमारे ६५०-७०० अंश सेल्सिअसच्या पुढे पांढरे, खडूसारखे. शंका राहिली तर अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपट तपासणी.

आणि जळालेले म्हणजे शिजवलेले नव्हे. निखाऱ्यांखाली पाच सेंटिमीटरपर्यंत पुरलेली हाडेही काळी होतात, हे प्रयोगांत दिसले आहे. चूल पेटवणाऱ्याच्या खाली हजार वर्षांपूर्वीच्या तरसाचे उष्टे असू शकते. पांढरी झालेली हाडे मात्र आगीतच असतात.

प्रश्न : एकाच जातीच्या अस्वलांचे ढीगच्या ढीग काही गुहांत आहेत. शिकार, की पूजा?

बहुतेक वेळा झोपेतले मरण. हिवाळी झोपेत अशक्त अस्वले मरतात, म्हणून वयाची विभागणी ठरावीक : नवजात आणि वर्षाची पिल्ले भरपूर, म्हातारी काही, ऐन उमेदीतली थोडी. दातांच्या झिजेवरून हा आलेख काढता येतो. शिकाऱ्याच्या संचयात धडधाकट प्रौढ जास्त अपेक्षित. स्वित्झर्लंडमधील ड्राखेनलोख गुहेत १९१७ ते १९२३ दरम्यान कवट्या दगडी पेट्यांत मांडलेल्या आहेत असे सांगितले गेले आणि ‘अस्वलपूजा’ जगभर गाजली. आज बहुतेक अभ्यासक ती मांडणी छताच्या पडलेल्या दगडांची आणि पुढच्या पिढ्यांतल्या अस्वलांनी जागा करताना ढकललेल्या हाडांची मानतात.

प्रश्न : अस्वलाच्या हाडावरची दोन भोके म्हणजे बासरी?

स्लोव्हेनियातील दिव्ये बाबे गुहेत १९९५ मध्ये सापडलेल्या हाडाबद्दल विचारत असाल तर वाद चालू आहे. पिल्लाचे मांडीचे हाड पातळ असते आणि सुळ्याने सहज भोसकते. दोन्ही टोकांवर चावल्याच्या खुणा आहेत, आणि अस्वलांच्या इतर गुहांतही भोके पडलेली हाडे मिळतात.

प्रश्न : हाडे धुताना, साफ करताना काय चुकते?

कठीण ब्रश. ओल्या हाडावर तो समांतर ओरखडे काढतो आणि मग तेच कोणीतरी मोजते. मऊ ब्रश, कमी पाणी, सावलीत वाळवणे. भुसभुशीत हाड पाण्यात बुडवूच नये.

चुनखडीच्या घट्ट गाळात अडकलेली हाडे ५ ते १० टक्के अॅसेटिक आम्लात सोडवतात. आम्ल चुना विरघळवते, पण हाडही थोडे खाते, म्हणून द्रावणात आधी कॅल्शियम फॉस्फेट विरघळवून ठेवतात. उघडा पडलेला भाग दर फेरीनंतर धुऊन, वाळवून त्याला पातळ पॅरालॉइड बी-७२ (हाड घट्ट करणारी राळ) लावतात आणि मगच पुढची फेरी. धुण्याला आम्लात ठेवल्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ द्या. आत राहिलेले क्षार वाळताना स्फटिक होऊन हाड फोडतात. आम्लात विसरलेले हाड पोटातून गेलेल्या हाडासारखे दिसू लागते, म्हणून कोणत्या तुकड्याला आम्ल लागले ते पिशवीवर लिहा. खुणांसाठी राखलेला नमुना आम्लात घालण्यापूर्वीच तपासा.

प्रश्न : गुहेच्या एका कोपऱ्यात हाडांचा खच आणि दुसऱ्या कोपऱ्यात एकही नाही. तिथे कोणी वावरत नव्हते असे समजायचे?

समजण्यापूर्वी माती प्रयोगशाळेत पाठवा. वटवाघळांची विष्ठा कुजताना माती आम्लधर्मी होते आणि हाडे पूर्ण विरघळतात, खूणही न ठेवता. इस्राएलमधील केबारा गुहेत हेच तपासले गेले. अवरक्त वर्णपटात मातीत कॅल्साइट किंवा हाडाच्याच जातीचे फॉस्फेट शिल्लक दिसले, तर तिथे हाडे टिकायला हवी होती. ती नाहीत म्हणजे कधी नव्हतीच. त्याऐवजी कमी विरघळणारी दुसरी फॉस्फेट खनिजेच उरली असतील, तर तिथली रिकामी जागा काहीच सिद्ध करत नाही. नकाशावर तो कोपरा ‘हाडे नाहीत’ असा नव्हे, ‘माहिती नाही’ असा रंगवा. आणि नमुने उत्खनन चालू असतानाच, खणलेल्या भिंतीतून, साधारण वीस-वीस सेंटिमीटर अंतरावर घ्या. भिंत एकदा कोसळली की तो प्रश्न पुन्हा विचारता येत नाही.